चार देश, एक लाल जर्सी: लायन्सचे परदेश दौरे

पानशेतकर

कार्डिफला राहायला आलो त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. शेजारी एक आजोबा राहायचे, वेल्सच्या खाणपट्ट्यात वाढलेले. फेब्रुवारीत वेल्स-इंग्लंड रग्बी सामना लागला की ते खुर्चीच्या टोकावर बसत आणि पांढऱ्या जर्सीतल्या एकेकाचा उद्धार करत. त्या दिवशी त्यांच्या घरात इंग्लंडबद्दल बरा शब्द काढायची सोय नव्हती. तेच आजोबा उन्हाळ्यात एका सकाळी माझं दार ठोठावून सामना बघायला बोलवायला आले आणि चार महिन्यांपूर्वी ज्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या, त्याच इंग्लिश फॉरवर्डसाठी टाळ्या पिटायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, "आता तो आपला. आता तो लायन."

तेव्हापासून या संघाचं वेड लागलं. मराठीत याबद्दल कुणी सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड हे एरवी एकमेकांचे हाडवैरी. त्यांच्यातले निवडक खेळाडू दर चार वर्षांनी ब्रिटिश अँड आयरिश लायन्स म्हणून एकत्र येतात, आळीपाळीने दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड नाहीतर ऑस्ट्रेलियाला जातात, आणि दीड-दोन महिन्यांत संघ विसर्जित होतो. या संघाला स्वतःचं मैदान नाही, लीग नाही. परदेश दौरा हाच त्याचा सगळा संसार.

याची सुरुवात क्रिकेटवाल्यांनी केली. आल्फ्रेड शॉ (कसोटी क्रिकेटमधला पहिला चेंडू टाकणारा तोच) आणि आर्थर श्रूजबरी यांनी. १८८७-८८ च्या हंगामात दोन वेगवेगळे इंग्लिश क्रिकेट संघ एकाच वेळी ऑस्ट्रेलियात गेले आणि दोघांचंही नुकसान झालं. ते भरून काढायला या दोघांनी रग्बीचा दौरा आखला. इंग्लंडच्या रग्बी मंडळाने पाठिंबा दिला नाही, बंदीही घातली नाही. फक्त बजावलं, की खेळाडूने पैसे घेतलेले खपवून घेणार नाही. हॅलिफॅक्सच्या जॅक क्लाऊजने दौऱ्याच्या कपड्यालत्त्यासाठी १५ पौंड घेतले होते. तो व्यावसायिक ठरला. बिचारा बोटीत बसला, जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आला, पण रग्बीचा एकही सामना खेळू शकला नाही.

मार्च १८८८ मध्ये बोट निघाली, मंडळी घरी परतली ती नोव्हेंबरात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात मिळून रग्बीचे ३५ सामने, त्यांतले २७ जिंकले, ६ बरोबरीत, हरले फक्त २. शिवाय ऑस्ट्रेलियात गर्दी जमावी म्हणून तिथल्या व्हिक्टोरियन नियमांच्या फुटबॉलचे १९ सामने! हा खेळ त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात खेळला नव्हता, तिथे जाऊनच शिकले. कर्णधार होता रॉबर्ट सेडन. १५ ऑगस्ट १८८८ ला न्यू साउथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंडला हंटर नदीत तो एकटाच छोटी वल्ह्याची बोट घेऊन गेला. बोट उलटली, पाय पट्ट्यांत अडकले आणि तो बुडाला. वय २८. संघाने त्याला तिथेच मातीत ठेवलं आणि दौरा पुढे चालू ठेवला. कर्णधारपद अँड्रयू स्टॉडार्टकडे आलं. क्रिकेट दौऱ्यावर आलेला हा माणूस रग्बीसाठी तिकडेच थांबला होता. पुढे तो इंग्लंडचा क्रिकेट आणि रग्बी या दोन्ही खेळांत कर्णधार झाला.

पुढचा दौरा १८९१ चा, दक्षिण आफ्रिकेचा. २० सामने, २० विजय, आणि अख्ख्या दौऱ्यात संघाविरुद्ध फक्त एक गुण. त्या काळच्या हिशेबात ट्रायचा (चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे टेकवण्याचा) एकच गुण मिळायचा, तोही त्यांनी पहिल्याच सामन्यात दिला आणि मग महिनोन्महिने दार बंद. बोटकंपनीचे मालक सर डोनल्ड करी यांनी त्यांच्यासोबत एक करंडक पाठवला होता, आपल्याशी सर्वांत चांगला खेळेल त्या संघाला द्या म्हणून. तो ग्रिक्वालँड वेस्ट या प्रांताच्या संघाला मिळाला. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रांतांच्या स्पर्धेचा करी कप तो हाच.

'लायन्स' हे नाव नंतरचं. १९२४ च्या दौऱ्यात खेळाडूंच्या टायवर सिंह होता, त्यावरून पडलं. १९३० मध्ये जर्सी निळी होती, आणि त्यात आपला हिरवा रंग कुठे, असं आयरिश मंडळींनी विचारलं, तेव्हा मोज्यांना हिरवी पट्टी आली. १९५० पासून लाल जर्सी, पांढरी चड्डी, निळे मोजे आणि वरची हिरवी कड. म्हणजे अनुक्रमे वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडचे रंग. 'ब्रिटिश अँड आयरिश' असं पूर्ण नाव अधिकृतपणे २००१ पासून, आणि माझ्या मते त्याला फारच उशीर झाला.

पण मला खरं बोलायचंय ते वेळेबद्दल. १९५० पर्यंत संघ बोटीने जायचा. डेकवर व्यायाम, आठवड्यांमागून आठवडे एकाच ताटात जेवण, एका केबिनमध्ये एक आयरिश आणि एक इंग्लिश. किनारा दिसेपर्यंत त्यांची घरची भांडणं संपलेली असायची. १९५५ ला पहिल्यांदा विमानाने गेले. १९५९ ला ३३ सामने खेळले, १९७१ ला २६, १९९७ ला १३, आणि २०२५ ला १०, त्यातलाही एक डब्लिनमध्ये. हा संघ घडतो तो एकत्र काढलेल्या दिवसांत, आणि नेमके तेच दिवस आपण कापत चाललोय. क्लबांना खेळाडू लवकर परत हवे असतात हे मला कळतं. पण यातून काय जातंय हेही बोललं पाहिजे.

तुम्हाला आठवणारे दौरे, सामने लिहा.

मैदानवेडी

पानशेतकर, वाह! एका दमात वाचलं. हाडवैरी एकत्र खेळण्यावरून मला आपल्याकडची एक गोष्ट आठवली. १९९६ च्या विश्वचषकाआधी कोलंबोत बाँबस्फोट झाला आणि ऑस्ट्रेलिया, वेस्ट इंडिजने तिथे खेळायला नकार दिला. तेव्हा भारत आणि पाकिस्तानच्या खेळाडूंचा मिळून एक संघ श्रीलंकेत जाऊन खेळला होता. कर्णधार अझरुद्दीन. वसीम अक्रमच्या चेंडूवर कालुवितरणाचा झेल सचिनने घेतला, आणि अक्रम धावत त्याच्याकडे आला. मी तेव्हा शाळेत होते. बाबा टीव्हीसमोर उभेच राहिले होते, बसलेच नाहीत. एका दिवसाचा तो संघ मला अजून लख्ख आठवतो. लायन्सना हे दर चार वर्षांनी मिळतं याचा हेवा वाटला.

जिमखान्याचा पाऊस

छान धागा. मुंबईत रग्बी पावसाळ्यात, चिखलात. बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाला टेकून पाहिलेले सामने आठवले. चेंडू हातातून साबणासारखा सटकतो आणि स्क्रम (दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांची खांदे भिडवून ढकलाढकली) उठला की तीस जणांत कोण कुठल्या संघाचा ते ओळखू येत नाही.

एक भर घालतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्यासाठी एकमेकांना भिडतात तो कलकत्ता कप आपल्या रुपयांचा आहे, अक्षरशः. कलकत्त्यातल्या ब्रिटिशांचा रग्बी क्लब १८७० च्या दशकात ओस पडत गेला, तेव्हा त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ती वितळवली आणि त्याचा करंडक करून लंडनला भेट दिला. तीन नागांचे तीन कान, झाकणावर हत्ती. १८७९ पासून त्यासाठी झुंज चालू आहे. म्हणजे पहिल्या लायन्स दौऱ्याच्या नऊ वर्षं आधीपासून हे दोन देश आपल्या चांदीवर भांडतायत, आणि मग एकाच बोटीत बसून न्यूझीलंडला जातायत.

पानशेतकर

मैदानवेडी, तो सामना मी विसरलोच होतो. शेजारच्या आजोबांनी मला एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे असं कधी होतं का, आणि मी नाही म्हणालो होतो. त्यांना सांगायला हवं होतं. आता ते नाहीत.

आजोबांचा दौरा म्हणजे १९७१. तो कितीही वेळा सांगितला तरी त्यांचं पोट भरायचं नाही. न्यूझीलंडमधले सामने वेल्समध्ये मध्यरात्रीनंतर, रेडिओवर. प्रशिक्षक कार्विन जेम्स आणि खेळाचा राजा बॅरी जॉन, दोघेही केव्हनाइथिन या एकाच खाणगावचे. त्याआधी लायन्सना न्यूझीलंडमध्ये मालिका कधीच जिंकता आली नव्हती. १९६६ ला तर चारही कसोट्या (न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाशी झालेले सामने) हरले होते. संघ निघण्यापूर्वी व्यवस्थापक डॉ. डग स्मिथ यांनी भाकीत केलं की आपण मालिका २-१ ने जिंकू आणि एक सामना बरोबरीत सुटेल. लोकांनी मान डोलावली, विश्वास कुणी ठेवला नाही.

ऑस्ट्रेलियात उतरल्या उतरल्या पहिलाच सामना क्वीन्सलँडशी हरले. पहिल्या कसोटीच्या आदल्या आठवड्यात कँटरबरीविरुद्ध तर मारामारीच झाली. सँडी कारमायकलच्या गालाच्या हाडाचा चुरा झाला, रे मॅकलॉक्लिनचा अंगठा मोडला. दोन्ही मुख्य प्रॉप (स्क्रमच्या पहिल्या फळीतले दणकट गडी) घरी. त्यांच्या जागी इयन मॅक्लॉक्लन आणि शॉन लिंच आले. आणि डनीडनच्या पहिल्या कसोटीत लायन्सची एकमेव ट्राय कुणी केली? याच बदली मॅक्लॉक्लनने, प्रतिस्पर्ध्याची किक अंगावर घेऊन. ९-३.

त्या सामन्यात बॅरी जॉनने जे केलं ते आजोबा हाताने हवेत काढून दाखवायचे. न्यूझीलंडचा फुलबॅक, म्हणजे सगळ्यांत मागे उभा राहणारा, फर्गी मॅकॉर्मिक. त्याच्या डावीकडे चेंडू टाकला, तो धावला. मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, दर वेळी हातभर लांब. जणू कुणी घरातल्या मांजराला दोरी दाखवतंय. मॅकॉर्मिक नंतर न्यूझीलंडकडून कधीच खेळला नाही.

दुसरी कसोटी हरले, तिसरी वेलिंग्टनला १३-३ ने जिंकली. चौथ्या कसोटीत जे. पी. आर. विल्यम्सने निम्म्या मैदानातून ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच गोलखांबांमधून मारलेली किक) मारला. फुलबॅकचं हे कामच नव्हे, कसोटीत त्याने मारलेला हा एकमेव. सामना १४-१४. मालिका २-१, एक बरोबरीत. डॉक्टरांचे शब्द खरे ठरले. न्यूझीलंडमध्ये लायन्सनी जिंकलेली ती आजवरची एकमेव मालिका.

बॅरी जॉन पुढच्याच वर्षी वयाच्या २७ व्या वर्षी निवृत्त झाला. लोकांचा गराडा त्याला सोसेना.

जोबर्गकर

लेख सुंदर आहे, पण १९७१ नंतर सगळे जण जिथे जातात तिथे मलाही जायचंय, आणि थोडं विरोधात बोलायचंय. १९७४ चा दक्षिण आफ्रिका दौरा. मी जोहान्सबर्गमध्ये वीस वर्षं राहतोय. इथे तो दौरा अजून दोन वेगवेगळ्या आवाजांत सांगितला जातो.

खेळ म्हणाल तर तसा दौरा पुन्हा झाला नाही. २२ सामन्यांत २१ विजय, एक बरोबरी. कर्णधार विली जॉन मॅकब्राइड, प्रशिक्षक सिड मिलर. १८९६ नंतर लायन्सना इथे मालिका जिंकता आली नव्हती. केपटाऊनला १२-३, प्रिटोरियाला २८-९, पोर्ट एलिझाबेथला २६-९. दक्षिण आफ्रिकेचे निवडकर्ते इतके भांबावले की चार कसोट्यांत त्यांनी ३३ खेळाडू वापरले आणि तिसऱ्या कसोटीत स्क्रम-हाफच्या (स्क्रममधून चेंडू काढून देणाऱ्याच्या) जागी चक्क नंबर एटला (स्क्रमच्या शेवटच्या गड्याला) उभं केलं. तिथेच तो प्रसिद्ध '९९' चा प्रकार. कुणा एकाला मारलं की सगळ्यांनी एकदम समोरच्याला धरायचं, म्हणजे पंच सगळ्यांना बाहेर काढू शकणार नाही. चौथ्या कसोटीत फर्गस स्लॅटरीची शेवटची ट्राय पंचांनी नाकारली, म्हणून बरोबरी.

पण हा दौरा वर्णभेदाच्या राजवटीत झाला. ब्रिटिश सरकार विरोधात होतं, दूतावासाला स्वागत-सत्कार करायला मनाई होती. वेल्सच्या जॉन टेलरने १९६८ चा दौरा डोळ्यांनी पाहिला होता. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेशी खेळायचंच नाही असं त्याने ठरवलं, आणि त्यासाठी वेल्सच्या जर्सीवरही पाणी सोडलं. १९७१ चा नायक जेराल्ड डेव्हिसही १९७४ ला गेला नाही. त्याच वर्षी आपल्या टेनिस संघाने डेव्हिस कपची अंतिम फेरी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला नकार दिला. करंडक हातात असताना सोडून दिला. मला भारतीय म्हणून त्याचा आजही अभिमान आहे, आणि '९९' च्या गोष्टी रंगवून सांगताना टेलर आणि डेव्हिसची नावं गाळली जातात याचं वाईट वाटतं.

दुसरा आवाज इथल्या काळ्या लोकांचा. त्यांना वेगळ्या, कोपऱ्यातल्या जागेत बसवायचे. आणि त्या कोपऱ्यातून घोष व्हायचा तो लायन्सचा. मी ज्यांच्याकडे घर भाड्याने घेतलं होतं ते गृहस्थ तेव्हा दहा वर्षांचे होते. स्प्रिंगबॉक (दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय संघ) मार खातात हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ते म्हणतात, त्या संध्याकाळी वडील घरी येताना गात होते.

पानशेतकर

जोबर्गकर, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. टेलर आणि डेव्हिसची नावं मूळ लेखात असायला हवी होती. आजोबाही १९७४ बद्दल फार बोलत नसत, ते का, हे मला आता समजतंय.

एवढंच सांगतो की त्याच संघात आणखी एक गाठ होती. मॅकब्राइड उत्तर आयर्लंडमधला, बॅलिमेनाचा प्रोटेस्टंट, आणि आयर्लंडकडून खेळायचा, कारण रग्बीत आयर्लंड एकच. १९७२ मध्ये उत्तरेतल्या हिंसाचारामुळे स्कॉटलंड आणि वेल्सने डब्लिनला जायला नकार दिला. १९७३ ला इंग्लंड गेलं. तिथल्या लॅन्सडाऊन रोड स्टेडियममधल्या प्रेक्षकांनी मैदानावर आलेल्या त्या इंग्लिश संघासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या, कितीतरी मिनिटं थांबल्याच नाहीत. वर्षभराने त्याच देशांची मुलं मॅकब्राइडच्या हाताखाली होती. लंडनच्या हॉटेलात त्याने सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, ज्याच्या मनात शंका असेल त्याने आत्ताच दारातून बाहेर जावं. कुणी उठलं नाही. कुणी उठायला हवं होतं का, याचं उत्तर तुम्ही दिलंच आहे.

तिरपा पास

१९९७ कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. व्यावसायिक रग्बीतला पहिला दौरा, समोर जगज्जेता दक्षिण आफ्रिका. कर्णधार मार्टिन जॉन्सन, प्रशिक्षक इयन मॅकगीकन आणि जिम टेलफर. इतरांच्या डोक्यात मॅट डॉसनचा फसवा पास आणि जेरेमी गस्कॉटचा ड्रॉप गोल असतो. माझ्या डोक्यात पहिली फळी आहे. समोर ओस द्यु रांट आणि एड्रियन गार्व्हे, डोंगरासारखे प्रॉप. लायन्सनी निवडले टॉम स्मिथ आणि पॉल वॉलेस, दोघे बुटके. मी कॉलेजात प्रॉप होतो, त्यामुळे यातली गंमत हाडात कळते. उंच माणसाला स्क्रममध्ये खाली वाकावं लागतं. त्याच्याही खाली शिरून पाठ सरळ ठेवलीत, की त्याचं सगळं वजन त्याच्याच मानेवर येतं. सुरुवातीच्या स्क्रममध्ये लायन्सना मागे ढकललं होतं. मग हे दोघे हळूहळू खाली गेले आणि डोंगर थांबला. डर्बनला दक्षिण आफ्रिकेने तीन ट्राय केल्या, लायन्सची एकही नाही. नील जेंकिन्सच्या पाच पेनल्टी आणि गस्कॉटचा तो ड्रॉप गोल. १८-१५, मालिका खिशात.

आणि पानशेतकर म्हणतात ते वेळेचं अगदी बरोबर. २००५ ला न्यूझीलंडला प्रचंड मोठा ताफा नेला, आठवड्यातल्या सामन्यांसाठी वेगळे प्रशिक्षक, कसोट्यांसाठी वेगळे. पहिल्या कसोटीच्या पहिल्याच मिनिटांत ब्रायन ओड्रिस्कॉलला उचलून आपटलं, कर्णधारच गेला. पण ३-० ची हार तेवढ्याने होत नाही. एकाच हॉटेलात दोन संघ राहत होते.

मैदानवेडी

२०२५ चं बोलू की! मेलबर्नची दुसरी कसोटी मी पुण्यात घरच्यांना टीव्हीसमोर बसवून दाखवली. ९० हजारांवर प्रेक्षक. लायन्स सुरुवातीला १८ गुणांनी मागे होते, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला ह्यूगो कीननची ट्राय, २९-२६. आईला रग्बीचं ओ की ठो कळत नाही, पण ती ओरडली. मालिका २-१.

आणि मी ज्याची वाट बघतेय ते म्हणजे २०२७, महिला लायन्सचा पहिला दौरा, न्यूझीलंडला. मी विद्यापीठाकडून खेळले तेव्हा आम्हाला मुलांच्या जुन्या जर्सी मिळायच्या, गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या. त्या चार रंगांच्या पोशाखात मुली मैदानात उतरतील तेव्हा मी रडणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

हंटरकाठची

मी न्यूकॅसलला राहते, ऑस्ट्रेलियातल्या. मेटलंड इथून अर्ध्या-पाऊण तासावर. दर दोन आठवड्यांनी भाजीला तिथल्या बाजारात जाते, आणि रॉबर्ट सेडन हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा या धाग्यावर वाचलं.

काल मुद्दाम नदीवर गेले. हंटर इथे रुंद नाही. आपल्याकडची मुळा-मुठा जशी उन्हाळ्यात दिसते तेवढीच, गढूळ, वरवर अगदी शांत. काठावर एक मुलगा गळ टाकून बसला होता. त्याला सेडनबद्दल विचारलं तर त्याला माहीत नव्हतं, पण त्याच्या आजोबांना माहीत होतं. त्यांनी हात करून दफनभूमीचा रस्ता दाखवला.

वाटेत दुकानात चौकशी केली, लाल फुलं हवी होती. लाल मिळाली, पांढरीही. निळी नव्हती. हिरवा पाला मी काठावरचाच तोडून घेतला.

पानशेतकर

ताई, आज दिवसभर काही सुचलं नाही तुमचा प्रतिसाद वाचून. आजोबांच्या मुलीला फोन करून वाचून दाखवला, इंग्रजीत जमेल तसा. ती म्हणाली, निळ्याची काळजी करू नका, नदी आहे ना.